कटला आणि चंदेरा: नात्याचा घोळ

कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) या दोन्ही माशांचं तोंड वर वळलेलं, म्हणून ते जवळचे नातलग असावेत, असा तर्क कुणी मांडला, तर तो टिकत नाही. दोघे पाण्याच्या वरच्या थरात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, त्यामुळे तोंडाची ठेवण सारखी झाली आहे, एवढंच.

मासा हातात घेतला की आधी खवले पाहा. कटल्याचे मोठे असतात, पार्श्वरेषेवर (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवर) साधारण ४० ते ४३. चंदेऱ्याचे अगदी बारीक, शंभराच्या आसपास. मग पोटाखालून बोट फिरवा: चंदेऱ्याला गळ्यापासून गुदद्वारापर्यंत धारदार कड लागते. चंदेऱ्यासारख्याच दिसणाऱ्या बिगहेड माशाला तीच कड पोटाच्या परांपासून मागेच असते, त्यामुळे चंदेरा आणि बिगहेड हेही इथेच वेगळे करता येतात. कटल्याला कड नसतेच.

कटल्याचं खरं नातं रोहूशी आहे, आणि ते इतकं जवळचं की अनेक अभ्यासक कटल्याला रोहूच्याच लेबिओ प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) धरतात. दोघांची गुणसूत्रं ५०, संकर सहज होतो आणि तो प्रजननक्षमही असतो. मत्स्यबीज केंद्रात खरा धोका हाच. दोन्ही जातींचे प्रजनक (बीजासाठी वापरायचे नर-मादी) एकाच कुंडात सोडले की संकरित बीज तयार होतं, तेच पुढे प्रजनक म्हणून वापरलं जातं आणि शुद्ध वाण हातचा जातो. संकराचं डोकं रोहूपेक्षा मोठं, कटल्यापेक्षा लहान असतं. एका खुणेवर निवाडा करू नका. ओठांची झालर, मिशा आणि पाठीच्या पराचे काटे एकत्र तपासा. शंका राहिलेला मासा प्रजनक म्हणून ठेवू नये.