बॉयलर तपासायला येणारा माणूस नेमकं काय बघतो?

भट्टीवाला

दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो पेपरात येतात. एखाद्या दांपत्याच्या हस्ते सत्यनारायण, चेअरमन फेटा बांधून, मागे अख्खं संचालक मंडळ. त्याच्या आधी कधीतरी एक माणूस टॉर्च घेऊन मॅनहोलमधून ड्रममध्ये, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या मोठ्या नळकांड्यात, शिरलेला असतो. त्याचा फोटो कुठंच नसतो, पण धागा त्याच्यासाठीच काढतोय.

नवा बॉयलर कायदा आला, 1923 चा गेला. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात एकच वाद: तपासणी सरकारी निरीक्षकानंच करावी की खासगी संस्थेच्या माणसालाही सही करू द्यावी. मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. चालू बॉयलर तपासणं हे वेगळं कसब आहे. नवा बॉयलर ड्रॉइंगशी ताडून बघायचा असतो. वीस हंगाम चाललेला बॉयलर त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी ताडायचा असतो: ट्यूबच्या कुठल्या बेंडला (वळणाला) घास लागतेय, कुठं खड्डे पडलेत, कुठली ट्यूब फुगायला लागलीय. हे शिकवतं कोण? आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत शेलची (बाहेरच्या कवचाची) जाडी काढायचं सूत्र पाठ असतं, पण जुन्या ड्रमच्या पाण्याच्या रेषेवर बोट फिरवून बघ असं कुणी सांगत नाही.

परवाच्यापरवा एका युनिटमध्ये (नाव घेत नाही) मी दोन वर्षांचे थिकनेस रिपोर्ट, म्हणजे धातूची जाडी मोजल्याचे कागद, शेजारीशेजारी ठेवले. सगळी रीडिंग दशांशासकट तीच. तोच माणूस तेच मीटर त्याच जागी दहा मिनिटांनी पुन्हा लावेल तरी शेवटचा आकडा हलतो हो! आणि पहिल्या वर्षी एका ट्यूबचा नंबर चुकून दोनदा पडला होता, तोही दुसऱ्या वर्षी जसाच्या तसा. सही मात्र ताजी.

माझी मागणी: चालू उपकरणांच्या तपासणीसाठी वेगळी परीक्षा, प्रत्यक्ष ड्रममध्ये शिरून. दर तीन वर्षांनी ती पुन्हा. सरकारी असो की खासगी, सगळ्यांना.

निवृत्त निरीक्षक

भट्टीवाले, रिपोर्टचं सांगितलंत ते खरं असणार, मीही असले कागद पाहिलेत. पण रोग ओळखूनही औषध भलतंच देताय.

हा कायदा कशातून आला? 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालनं तपासणीचा कायदा केला. मालकाच्या शब्दावर सोडून चालत नाही हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. 2007 च्या दुरुस्तीनं खासगी सक्षम व्यक्तीला, म्हणजे मान्यता मिळालेल्या खासगी तपासनीसाला, दार उघडलं. आता ज्याचा बॉयलर त्यानंच तपासनीस निवडायचा, त्यानंच फी द्यायची. उद्या 'नापास' असा शेरा मारला तर पुढच्या वर्षी त्याला कोण बोलावेल? तुमच्या त्या कॉपी केलेल्या रिपोर्टवाल्याला परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले असते. त्याला येत नव्हतं असं नाही, त्याला गरजच नव्हती.

ऐन हंगामाच्या तोंडावर मी साखर कारखान्याचा बॉयलर अडवलाय. तासाभरात फोन सुरू झाले, कुणाकुणाचे ते विचारू नका. मी टिकलो कारण माझा पगार त्या कारखान्यातून येत नव्हता.

प्रोसेसवाला_इचलकरंजी

साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नाण्याची आमची बाजूही ऐका. माझा छोटा बॉयलर. तपासणीसाठी तो थंड करायचा, उघडायचा, सगळं साफ करायचं. एके वर्षी सगळं उघडून ठेवलं आणि निरीक्षकांची तारीखच मिळेना. जॉबवर्कचा माल ओला पडून, गिऱ्हाईक फोनवर. खासगी माणूस आला तो ठरल्या दिवशी, आणि त्यानंच सेफ्टी व्हॉल्व्हची सीट खराब झाल्याचं दाखवलं. सरकारी म्हणजे प्रामाणिक आणि खासगी म्हणजे विकला गेलेला, हे पटत नाही.

आणि भट्टीवाले, तुमच्या परीक्षेचा खर्च शेवटी फीमध्ये आमच्याच माथी येणार. बरं, येऊ दे. पण बॉयलर फुटतात कशानं? रात्रपाळीत बॉयलर चालवणारा अटेंडंट झोपला, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासची नळी चोंदली, पाणी खाली गेलं, आणि तापलेल्या ट्यूबांवर कुणीतरी घाईनं पाण्याचा फीड पंप सुरू केला. वर्षातून एकदा येणारा निरीक्षक कितीही हुशार असला तरी त्या रात्री तो घरी झोपलेला असतो. उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहार वीजकेंद्राचं बघा. 1 नोव्हेंबर 2017, 500 मेगावॉटचं युनिट, नवंकोरं. गंज लागायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. भट्टीच्या तळाशी राख साचली, चाळीसवर माणसं गेली. तिथं तुमचं थिकनेस मीटर काय करणार होतं?

शिकवायचंच असेल तर अटेंडंटला शिकवा. तो रोज बॉयलरपाशी असतो.

जेल_आणि_प्रोब

मी थिकनेस घेणाऱ्यांतला, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातला. रीडिंग कशी कॉपी होतात ते आतून सांगतो.

काम मोजायच्या दर पॉइंटमागे ठरलेल्या भावानं मिळतं. शटडाउन तीन दिवसांचं, त्यातले दोन सफाईत गेलेले. ड्रममध्ये उकाडा, खपली पूर्ण निघालेली नाही, मीटरचा प्रोब खाली सपाट बसत नाही, प्रोबखाली लावायचं जेल ओघळतंय. खपलीवर घेतलेलं रीडिंग खोटं येतं किंवा येतच नाही. घासायला ग्राइंडरवाला मागितला तर तो दुसरीकडे वेल्डिंगच्या तयारीत. मग नवखा पोरगा गेल्या वर्षीची फाइल उघडतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की 'रीडिंग मिळालं नाही' हेही लिहिता येतं. ही ओळ लिहायला शिकवणारं प्रशिक्षण असेल तर माझा भट्टीवाल्यांना पाठिंबा.

पण परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं 510 हे प्रमाणपत्र खास चालू प्रेशर व्हेसलसाठीच (दाबाखालच्या भांड्यांसाठी) आहे, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्या रिफायनऱ्यांत ते असलेली भरपूर माणसं आहेत. मीही घेतलंय. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, एका भागाला पुस्तक उघडून बसता येतं. त्या परीक्षेनं मला कोड (तांत्रिक नियमावली) वाचता यायला लागला. फुगलेली ट्यूब ओळखायला मला एका म्हाताऱ्या फिटरनं शिकवलं: टॉर्च समोरून मारायची नाही, भिंतीला चिकटवून आडवी धरायची. सरळ ट्यूबांच्या सावल्या एकसारख्या पडतात, फुगलेलीची सावली वाकते. त्या फिटरला कुठल्याच परीक्षेला बसता आलं नसतं.

टीसकाठचा_कोल्हापूरकर

इंग्लंडात इन्शुरन्स कंपनीतर्फे हेच काम करतो म्हणून थोडं. इथं 2000 सालचे प्रेशर सिस्टिम्सचे नियम आहेत. त्यात प्रत्येक उपकरणाची लेखी योजना लागते: काय तपासायचं, कसं, किती काळानं. ती सक्षम व्यक्तीनं प्रमाणित करायची. ती नसेल तर उपकरण चालवायचंच नाही. सगळ्यांना सरसकट बारा महिने असा हिशेब नाही.

गंमत म्हणजे सरकार इथं त्या सक्षम व्यक्तीला परवाना देत नाही. निवृत्त निरीक्षक हे वाचून हादरतील. मालकानंच पारखून नेमायची, आणि तपासणारे बहुतेक आमच्यासारखे विमा कंपन्यांचे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी आपणहून तपासणी संघटना काढली, तिथून हे चालत आलंय. फुटलं तर भरपाई आमच्याच खिशातून, त्यामुळे आमच्या साहेबाला खोटा रिपोर्ट परवडत नाही. शिवाय 1882 च्या कायद्यानं बॉयलर स्फोटांची चौकशी आणि त्यांचे अहवाल सुरू झाले. माणूस परीक्षेपेक्षा त्या अहवालांतून जास्त शिकतो.

निवृत्त निरीक्षक

कोल्हापूरकर, हादरलो नाही, पण तुमचं तिथंच राहू द्या. आमच्याकडे विमा उतरवणारा आधी आमचंच सर्टिफिकेट मागतो. तो आमच्या भरवशावर आणि आम्ही त्याच्या भरवशावर असं झालं तर बॉयलर कुणाच्या भरवशावर?

अहवालांचं मात्र मान्य. आपल्याकडे चौकशी होते, अहवाल वर जातो आणि वरच राहतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या निरीक्षकालासुद्धा पेपरातूनच कळतं.

निवासी_विभाग

मी बॉयलरमधली नाही, डोंबिवलीची आहे. 23 मे 2024 ला जवळच्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटानं आमच्या खिडक्यांची तावदानं आत आली. पहिले काही तास टीव्हीवर 'बॉयलरचा स्फोट' चाललं होतं. मग कळलं की त्या कारखान्यात नोंदलेला बॉयलरच नव्हता, फुटला तो रिअ‍ॅक्टर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायचं भांडं. 2016 लाही मे महिन्यातच असंच हादरलो होतो.

तुमची चर्चा वाचून साधा प्रश्न पडला. बॉयलरवर इतका खल, मग त्या रिअ‍ॅक्टरमध्ये टॉर्च घेऊन कोण जातं?

जेल_आणि_प्रोब

ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. वाफ तयार करणारं, 25 लिटरच्या वरचं, ते बाष्पके संचालनालयाकडे. गॅसच्या मोठ्या टाक्या नागपूरच्या पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था). दाबाच्या हवेची टाकी (रिसीव्हर), रिअ‍ॅक्टर, डाईंगची भांडी ही कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्याखाली (नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखाने कायद्याचं कलम 31), औद्योगिक सुरक्षा संचालनालयानं मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्तीकडे. एकाच शेडमध्ये तीन कायदे. मात्र रिअ‍ॅक्टरमधली रासायनिक क्रिया हाताबाहेर गेली तर जाडी पूर्ण भरली तरी तो फुटतो. तो तपासणारा माणूस निदान थोडं रसायनशास्त्र जाणणारा हवा, आणि आम्ही सगळे मेकॅनिकलवाले.

प्रोसेसवाला_इचलकरंजी

यावर माझंच उदाहरण. माझ्याकडे पॉलिएस्टर रंगवायचं सॉफ्ट फ्लो मशीन आहे, 130 अंशावर, दाबाखाली चालतं. बॉयलर तपासायला येणारे साहेब दरवर्षी त्याच्या शेजारून जातात. झाकणाच्या लॉकची पिन झिजली होती, मी एकदा दाखवली. म्हणाले, 'ते माझ्याकडे येत नाही.' कायद्यानं बरोबरच बोलले. पण त्या पिनेपासून माझा माणूस दोन हातांवर उभा असतो. शेवटी पिन मीच बदलून घेतली, लेथवाल्याकडून.

टीसकाठचा_कोल्हापूरकर

इथं वाफ असेल तर दाब कितीही असो, आणि दुसरा वायू असेल तर अर्ध्या बारच्या वर, सगळं त्या एकाच नियमावलीत येतं. त्या पिनेचा शेरा मला लिहावाच लागला असता.

भट्टीवाला

धागा काढला तेव्हापेक्षा थोडा सरकलोय. परीक्षेची मागणी सोडत नाही, पण ती लेखी नको. 'जेल'वाल्यांच्या त्या म्हाताऱ्या फिटरला परीक्षक करा, मोडीत निघालेला एखादा ड्रम आणा आणि त्यात मुद्दाम ठेवलेले दोष शोधायला सांगा. प्रोसेसवाल्यांचं अटेंडंटबद्दलचं म्हणणंही मान्य, पण ते 'त्याऐवजी' म्हणून नाही. रात्रपाळीवाला झोपतो म्हणून दिवसा येणाऱ्यानं डोळे मिटावेत का? फीचं साहेब म्हणतात ते मला अजून पटलेलं नाही. फी सरकारी तिजोरीत भरा आणि तपासनीस चिठ्ठी टाकून ठरवा, भागलं.

पण साहेब, एक विचारायचं होतं. मागच्या वर्षांचं कुणी बघतच नाही, तर प्रत्येक बॉयलरचं स्वतःचं पुस्तक का नसावं? जन्मापासूनचं?

निवृत्त निरीक्षक

आहे की. मेमोरँडम ऑफ इन्स्पेक्शन बुक. नोंदलेल्या प्रत्येक बॉयलरचं असतं, कुठली दुरुस्ती, कधीची टेस्ट, कुणाचा शेरा, सगळं त्यात. साठ वर्षांच्या एका लँकेशायर (जुन्या धाटणीच्या) बॉयलरचं मी पाहिलंय, पहिली पानं शाईच्या टाकानं लिहिलेली. तपासणीला निघण्यापूर्वी ते वाचायचं असतं.

भट्टीवाला

आणि वाचलं जातं?

निवृत्त निरीक्षक

मी वाचायचो.