कोल्हापूरला बऱ्याच वर्षांनी जातोय, शाळेत आत सोडतात का?

शिवाजी पेठेतला भाडेकरू:
1998 ला दहावी झालो आणि वडिलांची बदली झाली. त्यानंतर लग्नाकार्याला येणं झालं ते हॉलवर जेवून परत फिरण्यापुरतं. आता ऑगस्टमध्ये बायको आणि सातवीतली लेक यांना घेऊन दोन दिवस येतोय. आमचा वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलंय, हे कळलंय. शाळा मात्र आहे, भवानी मंडपाच्या अलीकडे. ओळखीचं कुणी उरलेलं नाही. असं अचानक जाऊन आत सोडतात का? की गेटवरूनच नमस्कार?

मिसळ आणि पांढरा-तांबडा कुठं खायचा ते सांगू नका. तेवढं मला येतं.

दूधकट्टा:
भावा, ऑगस्टात येतोयस तर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघ. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. 2019 ला शिरोलीत हायवेच पाण्याखाली गेला, लोक दोन्हीकडं अडकलेली. आपण पोरं असताना पूर म्हणजे सुट्टी आणि सायकल मारत शिवाजी पुलावर. आता तसलं काय राहिलं नाही, पाणी चढायला लागलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

पाणी नसलं तर पोरीला संध्याकाळी गंगावेशीत घेऊन ये. म्हशी अजून उभ्या असतात, धार समोर काढून ग्लास हातात देतात. निम्मा फेसच. पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या पोरी पहिल्यांदा नाक मुरडतात, मग दुसरा ग्लास मागतात.

निवृत्त बाई:
मी शिक्षिका होते, म्हणून सांगते. शनिवारी सकाळी जा, बहुतेक शाळा अर्ध्या दिवसाच्या असतात. आधी शिपायाला गाठा, मग ऑफिस. वर्गात मुलं असताना मोबाईल काढू नका. आणि जनरल रजिस्टर बघायला मिळेल का, ते विनंती करून विचारा. ते कायम जपून ठेवावं लागतं. कितीही वर्षं झाली तरी दाखला त्यातूनच निघतो, म्हणजे तुमचं नाव त्यात असणारच. मुख्याध्यापकांच्या मनावर आहे, पण आमच्याकडे कुणी आलं तर आम्ही दाखवायचो.

शिवाजी पेठेतला भाडेकरू:
बाई, रजिस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवार पक्का. केशवराव भोसले नाट्यगृहाचं काय झालंय? स्नेहसंमेलनात तिथं मावळा होतो, संवाद एकच, "जी महाराज".

दूधकट्टा:
8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. 1915 चं थिएटर, आख्खी पेठ रस्त्यावर येऊन रडत होती. खासबागेकडनं जा, काम कुठवर आलंय ते दिसंल.

शिवाजी पेठेतला भाडेकरू:
बघतो. रजिस्टरातला 'वर्तणूक' रकाना मात्र लेकीच्या आधी मी वाचणार.