नववीच्या पोरांना शाळेच्या आवारातली झाडं-किडे दाखवायचेत, नुसती नावांची यादी होऊ नये म्हणून काय करू?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, मी नववीला पर्यावरण शिकवते. या सत्रात परिसरातल्या वनस्पती आणि प्राण्यांवर प्रकल्प आहे आणि दरवर्षी जे होतं तेच यंदाही होणार असं दिसतंय, म्हणजे पोरं नेटवरून वाघाचे फोटो प्रिंट करून आणणार, खाली माहिती चिकटवणार आणि मी सही ठोकणार. यंदा खरंच बाहेर न्यायचंय. पण आवार म्हणजे काय तर मैदान, कुंपणाकडेचं गवत, सात-आठ झाडं नि मागची ओलसर भिंत. ४५ मुलं, ४० मिनिटांचा तास. आणि खरं सांगू का, निम्म्या झाडांची नावं मलाच येत नाहीत, कुणी विचारलं तर काय सांगू ही धास्ती वेगळीच. कुणी केलंय का असं काही?

पानगळ:
मॅडम, नावांचं टेन्शन आधी सोडा. 'मलाही माहीत नाही, शोधू' असं पहिल्याच दिवशी सांगून टाका, पोरं उलट खूश होतात. आमच्याकडे मुलं स्वतःच नावं ठेवायची, 'केसाळ पान', 'चिकट्या', 'लाल देठवाली', आणि खरं नाव महिन्याभराने कळलं तरी काही अडत नाही.

मी चौकट पद्धत करून घेते. चार खुंट्या आणि सुतळी, १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन, आत काय काय आहे ते मोजायचं. पाच-पाच जणांचा गट, म्हणजे तुमचे ९ चौकोन झाले. आता गंमत अशी की जागा निवडायला सांगितली की सगळे गट जिथे फुलं दिसतात तिथेच जाऊन बसतात, मग आकडे बघून वाटतं की मैदानभर फुलंच फुलं आहेत. म्हणून मैदानाला आडवे-उभे आकडे द्यायचे नि चिठ्ठ्या टाकायच्या, जिथे चिठ्ठी नेईल तिथेच चौकोन, मग तिथे नुसती माती असली तरी चालेल. नुसती मातीही नोंदवायची, हे पटवायला माझा एक अख्खा तास गेला होता!

एवढं झालं की मग खरा प्रश्न विचारायचा. पायवाटेला लागून असलेल्या चौकोनात आणि कुंपणाकडच्या चौकोनात फरक का? तुडवल्या जागी बहुतेक हरळीच सापडते, कारण गवताचा वाढणारा भाग पात्याच्या टोकाला नसून बुडाशी असतो, आणि हरळी तर जमिनीलगत धावत धावत मुळं धरत जाते, त्यामुळे वरून पाय पडले तरी तिचं फारसं बिघडत नाही. शेंड्याने उंच वाढणाऱ्या रोपाचा शेंडाच मोडला की ते मागे पडतं. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, सुतळीत बसतं.

भिरभिरा:
एवढी सुतळी कशाला, मोबाइल आहे ना. आयनॅचरॅलिस्टवर फोटो टाका, ॲप नाव सुचवतं, जगभरातली माणसं तपासतात. २००८ पासून चालू आहे. खातं काढायचं नसेल तर त्यांचंच 'सीक' आहे, त्याला लॉगिन लागत नाही. एका तासात ५० नावं होतील.

पानगळ:
भिरभिरा, तीच तर भीती आहे, ५० नावं होतील आणि एकही झाड बघून होणार नाही 😄 ॲप वापरा, पण शेवटी. आणि ॲपने सुचवलं म्हणजे झालं असं नाही, ओळख पक्की धरायला तिथेही दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत लागतं. कुंडीतलं झाड असेल तर ते 'लावलेलं' आहे असं नोंदवा, नाहीतर शोभेची झाडं रानटी म्हणून जातात.

भिरभिरा:
हे मान्य. आमच्या एका पोराने प्लास्टिकचं फूल टाकलं होतं.

गोगलगाय:
मॅडम, तुमची ओलसर भिंत म्हणजे सोनं आहे हो! पावसाळ्यात तिथे गोगलगाई असणारच. त्यांची संख्या न मोजता मोजायची युक्ती सांगते. सापडतील तेवढ्या पकडा, कवचावर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका, वाळला की जिथून उचलल्या तिथेच सोडा. आठवड्याने पुन्हा पकडा नि त्यात ठिपकेवाल्या किती ते बघा. समजा पहिल्यांदा ४० ना ठिपका दिला, दुसऱ्यांदा ५० सापडल्या, त्यात १० ठिपकेवाल्या, तर ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे अंदाजे २००. उत्तरापेक्षा नंतरचं भांडण जास्त कामाचं, मधल्या काळात काही मेल्या तर? ठिपका पुसला गेला तर? ठिपकेवाल्या एकाच कोपऱ्यात बसून राहिल्या तर? ते पोरांनाच काढू द्या.

नंतर सगळ्यांचे हात साबणाने, गोगलगाईंपासून जंतांचा संसर्ग होऊ शकतो. गाजर गवत दिसलं तर हात लावू देऊ नका, अंगावर खाज उठते. आणि कुंपणाला रुई असेल तर पानं उलटून बघा, प्लेन टायगर फुलपाखराचं एखादं अंडं सापडेल. त्याची पट्ट्यापट्ट्यांची अळी रुईची पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी फुलपाखराच्याही वाटेला सहसा जात नाहीत. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

खडूफळा:
वा, मी यादी मागायला आले होते नि तुम्ही पूर्ण सत्राचं काम दिलंत! पहिला तास सुतळी, मग भिंत. ॲप शेवटच्या आठवड्यात, भिरभिरा रागवू नका. एकच शंका, नेलपॉलिश कुठल्या रंगाचं? आत्ताच सांगा, नाहीतर वर्गात मतदान घ्यावं लागेल.

गोगलगाय:
कवचाच्या रंगाच्या जवळपासचं, आणि ठिपका कवचाच्या खालच्या बाजूला. मतदान घेतलंत तर भडक गुलाबी निवडून येईल नि पक्ष्यांना आयतं जेवण 😂