ओझं उचलायला शिकवताना: तुमच्याकडे प्रत्यक्ष काय करून घेतात?

गोदाम, वॉर्ड, बांधकाम, मार्केट यार्ड, जिथे हाताने ओझं हलतं तिथल्या जाणकारांनी लिहावं. "पाठ सरळ, गुडघ्यात वाका" हे पोस्टर सगळ्यांनी पाहिलंय. त्यापुढचं सांगा.

गोदाम प्रशिक्षक, भिवंडी

स्लाइड बघताना सगळे माना डोलावतात, आणि खोकं समोर आलं की पुन्हा कमरेतूनच वाकतात. म्हणून सुरुवात झाडूच्या दांड्याने. दांडा पाठीला उभा धरायचा. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला. मग खुब्यातून वाकायचं. दांडा कुठेही सुटला की पाठ गोल झाली, शिकवणाऱ्याला बोलावंही लागत नाही.

त्यानंतर १० किलोचं खोकं, पण आत वाळूची पिशवी एका कोपऱ्यात सरकवलेली. हात लावण्याआधी पायाने कोपरा ढकलून बघायचा: कुठली बाजू जड? ती पोटाकडे घ्यायची. एक पाऊल किंचित पुढे. पकड तिरकी, म्हणजे एक हात खालच्या कोपऱ्याला, दुसरा त्याच्या समोरच्या वरच्या कोपऱ्याला.

उचलताना बहुतेकांचं जमतं. चुकतं ते ठेवताना. पाय रोवलेले आणि कंबर फिरलेली! जमिनीवर खडूने पावलं काढून वळायला लावा. नाक आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला राहिला पाहिजे.

फिजिओथेरपिस्ट

"पोटाकडे घ्या" यामागचं गणित सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या, ओझं उचलण्याच्या १९९१च्या सूत्रात सगळं अनुकूल असेल तर मर्यादा २३ किलो. हे अनुकूल अंतर म्हणजे दोन घोट्यांच्या मध्यापासून हातापर्यंत २५ सेंमी. तेच ५० सेंमी झालं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. खोल ट्रॉलीच्या तळाशी वाकून काढलेलं १५ किलोचं खोकं म्हणूनच छातीशी धरलेल्या २० किलोपेक्षा वाईट.

हमाल मुकादम, मार्केट यार्ड

खोक्याचे नियम पोत्याला लावू नका. पोत्याला कडा नाही, आतला माल हलतो, आणि ५० किलो एकट्याने जमिनीवरून उचलायचंच नसतं, गुडघे कितीही वाकवा. दोघांनी पोत्याचे कान आणि खालची टोकं धरायची, तिसऱ्याने पाठ देऊन उभं राहायचं, पोतं मानेखाली दोन्ही खांद्यांवर *ठेवायचं*. टाकायचं नाही. नव्या पोराला आधी घ्यायला नाही, द्यायला शिकवतो, कारण देणाऱ्याने घाई केली तर मान घेणाऱ्याची जाते. गाडी खाली करताना फाळक्याच्या उंचीवरूनच पाठीवर घ्यायचं. फळी ओली असेल तर आधी गोणपाट अंथरा, मग तंत्राचं बोला.

माथाडी कायदा १९६९चा, त्याने मजुरीची घडी बसवली. पण ओझं कसं घ्यायचं हे अजून जुना हमालच शिकवतो.

नर्सिंग ट्यूटर

आमचं ओझं बोलतं, घाबरतं आणि ऐन वेळी गळ्यात हात टाकतं! म्हणून विद्यार्थिनींनी आधी स्वतः पेशंट होऊन झोपायचं. काखेत हात घालून ओढलं की कसं दुखतं ते कळलं की पुन्हा कोणी तसं ओढत नाही. अर्धांगवायूच्या पेशंटचा खांदा तर त्याने निखळू शकतो.

बेडवरून स्ट्रेचरवर घेताना दोन्हीचे ब्रेक लावा. बेड कमरेच्या उंचीला, स्ट्रेचर बोटभर खाली. ड्रॉ शीटच्या, म्हणजे पेशंटखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या, कडा गुंडाळत पेशंटच्या अंगालगत आणा. चादर लांबून धरली तर मधे झोळी होते. मोजणी एकानेच करायची, शक्यतो डोक्याकडच्याने. "एक, दोन, तीन" म्हणजे तीनला की तीननंतर? निम्मे गोंधळ इथलेच. आम्ही "तयार, सरकवा" म्हणतो. आणि उचलायचं नाही, सरकवायचं. स्लाइड शीट, म्हणजे सरकवायची गुळगुळीत चादर, नसेल तर तसं सांगून मागून घ्या.

बांधकाम सुरक्षा अधिकारी

सिमेंटची थप्पी १० थरांच्या वर नको. खालच्या गोण्यांत गोळे होतात म्हणून तर आहेच, पण वरची गोणी काढताना हात छातीच्या वर जातात आणि ५० किलो अंगावर येतं. आम्ही प्रशिक्षण थप्पीपाशीच घेतो: वरची गोणी आडवी सरकवत कडेला आणायची, दोघांनी टोकं धरायची, हातगाडी थप्पीला चिकटून उभी.

फिजिओथेरपिस्ट

एक पुस्ती. नुसतं तंत्र शिकवून कंबरदुखी कमी होते, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. जड माल खालच्या फळीवरच राहिला तर शिकवलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं. जड माल गुडघा ते छाती या पट्ट्यात, हलका वर आणि अगदी खाली, हे आधी करा.

गोदाम प्रशिक्षक, भिवंडी

मान्य. म्हणून आमच्या तासाला स्टोअरकीपरलाही बसवतो. रॅकवर काय कुठे ठेवायचं ते त्याच्या हातात असतं. आठजणांची तुकडी, पाऊण तास, आणि आठवड्याने शिफ्टच्या शेवटच्या तासात पुन्हा बघायचं. सकाळी सगळ्यांचीच पाठ सरळ असते.