कड्यांचं चिलखत की अख्खा पत्रा? नाटकासाठी विचारतोय

कंपूकर:
ग्वाल्हेरकर मंडळी, यंदा गणपतीत आमचं प्रतापगडाचं नाटक आहे आणि चिलखताचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी लोकरीचं विणून चंदेरी रंग मारला होता, तर पुढच्या रांगेतली पोरं 'स्वेटर स्वेटर' ओरडायला लागली. यंदा खरं करायचंय. पण पत्रा जास्त मजबूत ना, युरोपातले सरदार डोक्यापासून पायापर्यंत पत्र्यातच असायचे, मग आपले लोक कड्यांच्याच मागे का? वजनामुळे का?

इतिहासवेडा:
वजनाचं म्हणाल तर गंमतच आहे. अख्खा पत्र्याचा पोशाख २०-२५ किलोचा, पण पट्ट्यांनी जागोजागी अंगाला बांधलेला, त्यात माणूस आरामात घोड्यावर चढतो. कड्यांचा सदरा १० किलोच्या आसपास पण तो सगळा खांद्यावर लोंबतो, कमरेला पट्टा आवळला की जरा बरं. खरा प्रश्न वार कसला येणार हा. कड्यांवर तलवार ओढली तर घसरते, बारीक टोकाचा बाण मात्र कडी फाकवून आत जातो, आणि गदा बसली तर कड्या शाबूत, आतलं हाड मोडलेलं, म्हणून आत जाड रुईचा डगला लागतोच. पत्र्यावरून टोक निसटतं. पण पत्रा मापाने ठोकून घ्यावा लागतो, साध्या शिपायाला कुठला परवडणार, आणि पोट सुटलं की संपलं. कड्यांचं बापाचं पोराला होतं, तुटली कडी तर नवी घालून रिव्हेट मारा. शिवाय आपलं ऊन! १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अझिंकूरच्या लढाईत, चिखलात फ्रेंच सरदार पत्र्यात चालून चालूनच दमले होते, तेही ऑक्टोबरात. इथे मे महिन्यात उभं राहून दाखवा.

मोरारचा_बंड्या:
अरे चार आईना विसरलात का! छातीला एक, पाठीला एक, दोन कुशींना दोन, असे चार पत्रे कड्यांवर बांधायचे, जिथे मार जास्त तिथे पत्रा आणि खांदे-काखा मोकळ्या. मला विचाराल तर सगळ्यात अक्कलहुशारीचं काम हेच. पुढे बंदुका आल्यावर युरोपात छातीचा पत्रा जाड करत गेले, कारागीर आधी स्वतः गोळी झाडून तो खड्डा गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि वजन इतकं वाढलं की लोकांनी हातापायाचे पत्रे टाकूनच दिले.
पण कंपूकर, तुमच्या सीनला यातलं काही नको. १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांचं चिलखत अंगरख्याच्या आत होतं, कड्या कापडासारख्या अंगावर पडतात म्हणून ते जमतं.

कंपूकर:
आत?? मग लोकांना दिसणार काय?

मोरारचा_बंड्या:
खानाची कट्यार लागते आणि अंगरखा फाटतो ना, तिथे.

इतिहासवेडा:
मग कुशीपुरतं वीतभर करा की. अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं वजन, सळईवर गुंडाळून कापा, प्रत्येक कडीत चार कड्या ओवायच्या. अख्ख्या सदऱ्याला हजारो कड्या लागतात, गणपती येऊन जातील.

कंपूकर:
वीतभरच करतो. आता डाव्या कुशीला की उजव्या ते डायरेक्टरला विचारतो, तो रोज बाजू बदलतोय.