अनुभव धागा : दवाखान्यातला नंबर कसा द्यावा, कसा मिळावा?

शाहूपुरीत मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका फिजिशियनच्या दवाखान्यात मी स्वागतकक्ष सांभाळते. आमच्याकडे शहरातल्या पेठांइतकेच रुग्ण राधानगरी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांतून, घाट चढून वैभववाडीकडून आणि सीमेपलीकडच्या निपाणीहून येतात. त्यामुळे नंबर देताना डॉक्टरांच्या घड्याळाइतकेच एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापूर परिसरात रुग्णांना वेळ देणाऱ्या आणि वेळ घेऊनही ताटकळलेल्या सर्वांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा आणि कोणत्या बदलाने खरोखर फरक पडला तेही सांगावे. दवाखान्याचे किंवा डॉक्टरांचे नाव मात्र कृपया लिहू नये. सुरुवात मीच करते.

आमचे निम्म्याहून अधिक रुग्ण मधुमेहाचे आहेत. उपाशीपोटी साखर तपासायची तर आधी किमान आठ तास पोटात काही नसावे लागते, आणि जेवणानंतरची साखर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पाहायची असते. पूर्वी ज्याचा फोन आधी, त्याचा नंबर आधी, अशी पद्धत होती. पहाटे घर सोडलेल्या, इन्सुलिनवर असलेल्या माणसाला दुपारी बाराची वेळ मिळाली, की तो तोवर उपाशी राही आणि बाकावर बसल्या बसल्या त्याला घाम फुटे. आता फोनवरच तीन गोष्टी विचारतो: कुठून येणार, रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे का, आणि परतीची गाडी किती वाजता आहे. उपाशीपोटी येणाऱ्यांचे रक्त साडेआठलाच घेतले जाते. मग ते बाहेरच्या बाकावर फडक्यातली भाकरी सोडतात आणि मी त्यांच्या चिठ्ठीच्या मागे ठळक अक्षरांत लिहून देते, ‘पहिला घास 9:20, पुन्हा रक्त 11:20’. दोन्ही रिपोर्ट हातात आल्यावरच डॉक्टरांची वेळ लागते, म्हणून त्याच रुग्णाला दुसऱ्या दिवशी नुसता कागद दाखवायला पुन्हा यावे लागत नाही. ‘ताई, आमची गारगोटीची गाडी सुटंल, तेवढं बघा की,’ अशी विनवणी आता क्वचितच ऐकू येते.

बालरोग दवाखाना, राजारामपुरी (परिचारिका)

आमच्याकडे गर्दीपेक्षा मोठा प्रश्न असतो तो एकाच खोलीत कोण कोणाशेजारी बसते याचा. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. म्हणून दीड महिन्याच्या बाळाला लस देण्यासाठी आणलेली आई तापाने फणफणलेल्या मुलाशेजारी बसणे मला मुळीच मान्य नाही. लसीकरणाची वेळ आम्ही दुपारी, ओपीडीआधी ठेवली आहे आणि तेव्हा आजारी मुलांना नंबर देत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींच्या तारखा पहिल्या भेटीतच कार्डावर लिहून देतो. बीसीजीसाठी मात्र ठरावीक वार आहे, कारण त्या लसीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि एकदा द्रावण तयार केले की ते काही तासांतच संपवावे लागते. ‘आजच द्या’ असा आग्रह धरणाऱ्या आजीला हे कारण शांतपणे सांगितले, तर तिला ते पटते.

रुग्णाचा नातेवाईक, गारगोटी (निवृत्त शिक्षक)

पत्नीला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी शहरातील एका नेत्ररुग्णालयात नेले होते. वेळ दुपारी चारची मिळाली होती. प्रत्यक्षात बाहुली मोठी करण्याचे थेंब साडेपाचला घातले गेले. त्यांचा परिणाम होण्यास अर्धा तास लागतो आणि नंतर काही तास जवळचे धूसर दिसते, ही माहिती नंबर देताना कोणीही दिली नव्हती. उशीर होतो हे मी समजू शकतो, परंतु अंधार पडल्यावर धूसर नजरेच्या वृद्ध स्त्रीला हाताला धरून बसस्थानकाची गर्दी पार करणे काय असते, याचा विचार वेळ देणाऱ्याने करायलाच हवा. पुढच्या खेपेस मी सकाळची पहिली वेळ मागून घेतली आणि ती लगेच मिळालीही. बाहेरगावच्या रुग्णाने संकोच न करता ‘आम्ही दुरून येणार आहोत’ एवढे आधीच सांगावे.

डायलिसिस विभाग (तंत्रज्ञ)

आमच्या विभागात वेळ चुकणे ही गैरसोय नसते, तो जिवाला धोका असतो. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास यंत्रावर राहावे लागते आणि दोन रुग्णांच्या मध्ये यंत्राच्या निर्जंतुकीकरणासाठी वेळ सोडावा लागतो. एक पाळी चुकली तर शरीरात पाणी साठते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, तेव्हा आमची पाळ्यांची वही निरुपयोगी झाली. काही रुग्ण बोटीतून आणि मग मिळेल त्या वाहनाने आले. काहींना त्यांच्या बाजूच्या, पाण्याने न वेढलेल्या केंद्रात जागा मिळवून द्यावी लागली. तेव्हापासून वहीत रुग्णाच्या नावापुढे गाव, गावाचा पर्यायी रस्ता आणि शेजाऱ्याचा फोन अशी नोंद असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की आम्ही वाट पाहत नाही. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या रुग्णांना फोन करून त्यांची पाळी अलीकडे घेतो, आणि शक्य असेल त्यांना शहरातील उंच भागातल्या नातेवाइकांकडे राहायला यायला सांगतो. शहरातील रुग्णांना त्यासाठी आपली वेळ रात्रीवर ढकलावी लागते. कारण समजल्यावर त्यांनी कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही, आणि त्याबद्दल मला या शहराचा अभिमान वाटतो. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ही यादी हाताशी होती आणि पुष्कळ धावपळ वाचली.

त्वचारोग दवाखाना, टेंबलाई परिसर (स्वागतिका)

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला येते आणि आमच्याकडचे रस्ते गर्दीने भरून जातात. त्या दिवसाचे नंबर आम्ही महिनाभर आधीच वहीत खोडून ठेवतो. बाकी आमचे काम सरळ आहे.

स्त्रीरोग व प्रसूती दवाखाना (डॉक्टर)

मी टेबलाच्या पलीकडची बाजू मांडते. प्रसूती ठरलेल्या वेळी होत नाही, त्यामुळे ओपीडी सोडून मला मधेच जावेच लागते. दर दहा मिनिटांना एक असे नंबर दिले की एका प्रसूतीने संध्याकाळपर्यंतची सारी साखळी कोलमडते. म्हणून प्रत्येक तासाच्या आरंभी चार जणींना बोलावतो आणि तासाचा शेवटचा पाव भाग रिकामा ठेवतो; साचलेले काम त्यात निघते. गर्भातील व्यंगांची सोनोग्राफी साधारणपणे अठरा ते वीस आठवड्यांत व्हावी लागते, तेव्हा ती वेळ इतर कोणत्याही कारणासाठी पुढे ढकलायची नाही, असा नियम आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या स्वागतिकेने सुरू केली. मी प्रसूतिगृहात गेले की ‘मॅडम येतीलच’ असे ती सांगत नाही. प्रत्येकीजवळ जाऊन, निदान दीड तास लागेल, जेवून या किंवा उद्याची पहिली वेळ घ्या, असे ती स्पष्ट विचारते, आणि ज्यांना थांबायचे असते त्यांचे रक्तदाब व वजन तेवढ्यात नोंदवून घेते. मी परतते तेव्हा केस पेपर तयार असतात आणि तपासणी लगेच सुरू करता येते.