दर्यावरून घाट चढून कोल्हापुरात आलेल्यांनो, लिहा की जरा

परवा लिफ्टमध्ये एक काकू म्हणाल्या, "कुणाकडं तरी मासं भाजलंय वाटतं," आणि लगेच नाकाला पदर. ते कुणीतरी म्हणजे मीच, गॅसवर जाळी ठेवून खारे बांगडे भाजले होते. राग नाही आला, हसूच आलं, कारण ह्याच काकूंच्या घरचा तांबडा रस्सा दर रविवारी तीन मजले दरवळतो आणि तो वास मात्र सगळ्यांना आवडलाच पाहिजे असा कोल्हापुरात नियम आहे. म्हटलं आपल्यासारखे इथे बरेच असणार, किनाऱ्यावरचे, शिक्षणाला, नोकरीला नाहीतर लग्न होऊन आलेले, त्यांना लिहायला लावूया.

सुरुवात मी करते. माहेर मालवण, दांडी किनाऱ्याकडचं, आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारी करणारे. घाटावर येऊन 22 वर्षं झाली, त्यामुळे भाषेची भेळ झालीये, सांभाळून घ्या. सासूबाई सुरुवातीला "कोकणातली" म्हणून चिडवायच्या तेव्हा मी सुनवायचे की मालवण 1812 पर्यंत कोल्हापूरच्या गादीकडंच होतं, इंग्रजांनी घेतलं नंतर, म्हणजे मी काय परमुलखातून आले नाही.

मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर रापण. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, जाळ्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावर माणसं धरून उभी राहतात, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा गोल मारते आणि दुसरं टोक लांब तिकडे किनाऱ्याला आणून देते, मग दोन्हीकडून माणसं ओढतात. पटकन नाही होत, दोन दोन तास जातात. आम्ही पोरं शाळेआधी दोरीला लोंबकळायचो, आमच्या ताकदीचा उपयोग शून्य पण हात लावला की मूठभर तारल्या मिळायच्या. जाळ्याची खोळ जवळ आली की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. आणि हाताला चिकटलेली खवलं वाळली की टिकल्यांसारखी चमकायची, तशीच शाळेत.

मग वाळूवर वाटे लावायचे. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. आमच्या वाड्यात एका पोराला पाठमोरं उभं करायचे आणि मागे एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्यो कोणाचो?" पोरगं तोंडाला येईल ते नाव घेणार, तो वाटा त्याचा. मी उभी असले की आजी आधीच दम द्यायची, "मागे वळान बघशीत तर बघ हां!" एकदा मी बघितलं होतं. सर्वात मोठ्या वाट्याला तिचं नाव घेतलं. तिला कळलं, घरी येऊन मार खाल्ला, आणि मासे मात्र सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले.

तुमचं सांगा.

* * *

(करवीर तालुका, मासळीची गाडी)

ताई मी दर्यावरचा न्हवं, पण 14 वर्षं झाली गाडी मारतोय, मालवण, देवगड, कधी रत्नागिरी, म्हणून लिहितोय, चालतंय न्हवं? ते वाट्याचं वाचून लई भारी वाटलं, आमच्याकडं यात्रंला बकऱ्याचं वाटं असंच घालत्यात, पोरगं पाठमोरं उभं करून. मला वाटायचं ही आमचीच आयडिया.

माझं काम रातीचं. संध्याकाळी बंदरावर लिलाव झाला की क्रेट भरायचं, एक थर बर्फ एक थर मासा, वरनं परत बर्फ. बांगडा लई नाजूक, बर्फ कमी पडला की गगनबावड्याला येस्तोवर पोट फुटतंय, मग कोल्हापुरात गिऱ्हाईक हात बी लावत न्हाई. सुरमई त्या मानानं दमदार. पावसाळ्यात बावड्याचं धुकं म्हंजे बोनेटच दिसत न्हाई, क्लीनरला खाली उतरवून पुढं चालायला लावलंय मी. 2024 ला करूळ घाट कामासाठी बंद होता तवा फोंडा घाटानं फिरून यायचो, डिझेल जादा, बर्फ जादा, आणि हिथं लोकं म्हणणार भाव का वाढवला. जून-जुलैचं तर सांगूच नका, 61 दिवस बंदी असतीया, मासा अंडी घालतोय तवा, तरी रोज चार जण इचारणार "पापलेट न्हाई व्हय?" आंध्राची रोहू-कटला दावली की तोंड वाकडं.

एक शिकलोय, डोळं बघून मासा घेऊ नका, डोळं बर्फानं बी पांढरं पडत्यात. कल्ला उघडून बघायचा, लालभडक पायजे. आणि बोटानं दाबला की खड्डा ऱ्हायला नाय पायजे.

* * *

(मूळ वेंगुर्ला, आता शाहूपुरी)

2019 च्या पुरात आमच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हाची गोष्ट. धोक्याची पातळी 43 फूट, आणि पंचगंगा 55 च्या वर गेलेली. सगळी गल्ली घाबरलेली, रबरी बोट आली तर लोक चढायलाच तयार नाहीत, एक जण उभाच राहिला बोटीत. आमची आजी तेव्हा 78 ची, गुडघे गेलेले, जिना उतरताना तासभर लावते. बोटीत मात्र अशी बसली की काय सांगू, बरोबर मधोमध, पाय आखडून, आणि लगेच ऑर्डरी सुरू, "कडेक बसा नको, सगळी एका बाजूक वळा नको." बोट चालवणाऱ्या जवानाला म्हणते, "झिला, पानी खंय वडता तां बघ आदी." त्याला भाषा कळली नाही पण हाताने दाखवलं ते कळलं, त्याने खरंच बोट भिंतीच्या आडोशाने घेतली.

आजोबांच्या उलांडीच्या होडीत (तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेली होडी) ती लग्न झाल्यापासून बसायची, जाळी तुणायची, बाजारात पाटी घेऊन बसायची. कोल्हापुरात आल्यापासून आम्ही तिला रस्ता क्रॉस करायला पण हात धरायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझा हात धरला, मी थरथरत होतो म्हणून.

बोटीतून उतरल्यावर एकच तक्रार, "इतक्या पानी, आणि वास नाय दर्याचो."

* * *

(खारवी, रत्नागिरीकडचा)

मोठं लिहिता येणार नाही. 2009 नोव्हेंबर, फयान वादळ. मी कोल्हापुरात हॉस्टेलला, बाबा समुद्रात. मेसच्या टीव्हीवर बातमी, बाहेर पाऊस, आणि आसपासची पोरं मॅचचं बोलतायत, त्यांचा काय दोष, त्यांना वादळ म्हणजे पत्रे उडणं. घरी फोन लागेना. मी दोन दिवस नुसता सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर, जाऊन बसत होतो, गाडीत चढायचं धाडस होत नव्हतं, गेलो आणि काही वेगळंच ऐकायला मिळालं तर.

तिसऱ्या दिवशी फोन आला. देवगडच्या खाडीत आसऱ्याला शिरले होते, ते बंदर वादळाला सुरक्षित, लांबलांबच्या बोटी तिथे येतात. बाबा काय बोलले तर "जेवलास काय?"

असा फोन सगळ्यांच्या घरी आला नाही.

* * *

(तारकर्लीजवळचा, नोकरी शिरोली एमआयडीसी)

ताई, रापणीचं छान लिहिलंत पण थोडं कडू बोलतो. तुमच्या वेळची रापण आता शोधून सापडते. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, 2016 ला निर्बंध आले, एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीला बंदी आहे, कागदावर सगळं आहे, रात्री समुद्रात बघा कसा उजेड असतो ते. किनाऱ्याला मासा पोचलाच नाही तर ओढायचं काय. माझा चुलतभाऊ आता पॅरासेलिंगला आहे. आणि रापण लागली कधी तर टुरिस्ट दोरी धरून फोटो काढतात, मग आमची म्हातारी माणसं पुटपुटतात "ओढ तरी मेल्या." कोल्हापूरचे पण असतात हां त्यात भरपूर 😀

* * *

(कोल्हापूरचाच, भोई)

आमचा दर्या पंचगंगाच. आजा मरळ, वाम धरायचा, आता पाण्याला फेस येतो. समुद्रवाल्यांचं वाचून बरं वाटलं एवढंच.

* * *

(गाडीवाला, परत)

ताई त्या लिफ्टवाल्या काकूंचा फ्लॅट कंचा? रविवारी पहाटं बांगडा घिऊन यायलोय, दांडीचाच. तुमच्या बिल्डिंगखाली गाडी लावतो, दोन किलो काकूंना फुकट.

* * *

नको हो दादा! मला त्याच लिफ्टने रोज खालीवर करायचंय. पण बांगडा आणा, पाच किलो, तिरफळं असतील तर तीपण आणा, इथे मिळतात ती जुनी असतात. आणि ते भोई दादा, मरळ कशी करायचे तुमच्याकडे, नुसतं "एवढंच" म्हणून जाऊ नका.